डावं-उजवं

ह्या शनिवारचा विषय अवघड आहे. समजायला नव्हे, बोलायला. ऑफिसात आम्ही चौघी मैत्रिणी, चौघीही आया, जेवणाच्या सुट्टीत सासूपासून अप्रेजलपर्यंत सगळं बोलतो. पण बाळाला पाजताना एका बाजूला दूध जास्त, दुसऱ्या बाजूला कमी, आणि त्यामुळे दोन्ही बाजू दिसायलाही लहान-मोठ्या, हा प्रकार चौघींच्याही वाट्याला आला होता आणि प्रत्येकीला वाटत होतं की हे फक्त आपलंच बिघडलंय. हे मला कधी कळलं? मुलगी दोन वर्षांची झाल्यावर. तोवर माझं रडून झालेलं होतं.

माझं बाळंतपण माहेरी, रत्नागिरीला. भाट्याच्या पुलापलीकडे आमचं घर. अळिवाचे लाडू, खसखशीची खीर, शेक-शेगडी, सगळं यथासांग चाललेलं. सिझेरियन असल्याने मला डाव्या कुशीवर वळताना दुखायचं, म्हणून रात्री मी उजव्या कुशीवर झोपूनच पाजायचे. तिसऱ्या आठवड्यात लक्षात आलं की उजवी बाजू भरून दगड होते, ब्लाउज भिजवते, आणि डावी मात्र जशीच्या तशी, मऊ. पोरगीही डावीकडे घेतलं की दोन मिनिटांत तोंड फिरवून भोकाड पसरायची.

आत्याने हे बघितलं आणि निदान केलं, “डावीकडे दूधच नाहीये तुझ्या. पोर उपाशी राहत्ये.” झालं! संध्याकाळी बाजारातून पावडरीचा डबा आला. आपल्याकडे १९९२ सालच्या कायद्याने ह्या डब्यांची जाहिरात करायला बंदी आहे. पण जाहिरात हवीय कुणाला? बाळंतिणीला भेटायला येणारी दर तिसरी बाई “पुरतं ना गं दूध?” असं विचारतेच.

रोज दोन बाटल्या सुरू झाल्या. सहा दिवसांत डावी बाजू आणखी मंदावली. मग आशाताई आल्या. गावातल्या आशा सेविका नवजात बाळाला बघायला सव्वा महिन्यात ठरलेल्या दिवशी घरी येतात, ती त्यांची अठ्ठाविसाव्या दिवसाची फेरी होती. त्यांनी झोळीचा काटा काढला, बाळाला टांगलं, आणि कपाटातलं कार्ड मागितलं. जन्माच्या वेळी २ किलो ८००. चौदाव्या दिवशी २ किलो ९००. एकविसाव्या दिवशी ३ किलो १००. म्हणजे डबा उघडला त्याच्या आदल्या दिवशीच, निव्वळ अंगावरच्या दुधावर, पोरीचं वजन आठवड्यात २०० ग्रॅमने वाढलेलं होतं. एवढ्या लहान बाळाला आठवड्याला दीडशे-दोनशे ग्रॅम म्हणजे उत्तम. आकडा कपाटात पडून होता आणि आम्ही सगळे निर्णय घेत होतो ब्लाउजकडे बघून!

ऑफिसात कुणी लॉग न बघता “सर्व्हर स्लो वाटतोय” म्हणालं तर मी त्याला सोलून काढते. आणि स्वतःच्या बाबतीत? आरशात बघून रडत बसले होते.

आशाताई शांतपणे म्हणाल्या, “ताई, आमच्या शेळीचं पण असंच आहे. करडू एकाच सडाला लुचतं, मग तोच फुगतो.” मला तेव्हा थोडा रागच आला. पण नंतर वाचलं तेव्हा कळलं की बाई शंभर टक्के बरोबर होत्या. १९८०च्या दशकात स्कॉटलंडमधल्या शास्त्रज्ञांनी शेळ्यांवर नेमका हाच प्रयोग केला होता. एकाच बाजूची धार वारंवार काढली तर दूध त्याच बाजूचं वाढलं, दुसऱ्या बाजूचं नाही.

गंमत अशी आहे. प्रोलॅक्टिन हे दूध बनवायला लावणारं संप्रेरक रक्तातून दोन्ही बाजूंना सारखंच पोचतं. पण एकदा दूध नीट उतरायला लागलं की किती बनवायचं हे प्रत्येक बाजू आपलं आपण ठरवते. भरून राहिली की वेग कमी, रिकामी झाली की वेग जास्त. बस, एवढाच नियम. माझ्या डावीकडे मागणीच नव्हती, आणि डब्याने उरलीसुरली मागणीही काढून घेतली. ह्याशिवाय दोन्ही बाजूंना दूध बनवणाऱ्या ग्रंथी मुळातच कमी-जास्त असू शकतात. कधी बाळाला एका कुशीवर मान वळवणं सोपं जातं. कारणं बरीच आहेत, पण “आईत खोट” हे त्यातलं नाही.

ऑस्ट्रेलियात १ ते ६ महिन्यांच्या ७१ बाळांच्या दुधाची चोवीस तास मोजदाद करून २००६ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सगळी बाळं फक्त अंगावरच पिणारी, छान वाढणारी. दिवसाचं दूध सरासरी ७८८ ग्रॅम, पण कुणाचं ४७८ तर कुणाचं १३५६. आणि डाव्या-उजव्या बाजूला सारखं दूध? क्वचितच कुणाला. म्हणजे असमान असणं हाच नियम निघाला. हाँगकाँगच्या होड्यांवर राहणाऱ्या टांका समाजात तर पूर्वी फक्त उजवीकडेच पाजायची रीत होती, आणि पिढ्यान् पिढ्या तशाच वाढल्या.

आता कामाचं. मी काय केलं ते सांगते.

दिवसातून तीन-चार वेळा डावीकडून सुरुवात केली, कारण भुकेलं बाळ जोराने ओढतं. पोरगी डावीकडे कुरकुरायची तेव्हा तिला आडवी फिरवली नाही. उजवीकडे जशी धरायचे तशीच, कूस न बदलता, डावीकडे सरकवून काखेखालून धरली. फसली बिचारी, प्यायली! :) पाजून झाल्यावर डावीकडचं दूध पाच-दहा मिनिटं हाताने काढलं. उजवी फारच दाटली तर बरं वाटेल इतकंच काढायचं, पूर्ण रिकामी करायची नाही, नाहीतर ती आणखी जोमाने भरते. आणि गाठ झाली तर ती जोरजोरात चोळायची नाही. आपल्याकडे चोळण्याची फार हौस, पण त्याने आतली सूज वाढते. हलक्या हाताने थंड पट्टी ठेवलेली बरी.

बारशाच्या फोटोसाठी डावीकडे रुमालाची घडी ठेवली. सांगायला आता काही वाटत नाही.

तीन आठवड्यांत डावी बरीच सुधारली, डबा सुटला. पण दोन्ही बाजू सारख्या झाल्या का? अजिबात नाही. आणि तशी गरजही नव्हती. बाळ दोन्हीकडची बेरीज पितं. पाजणं सुटल्यावर काही महिन्यांत बहुतेक फरक आपोआप गेला, तसा तो बहुतेकींचा जातो.

काही गोष्टी मात्र अंगावर काढू नका. ताप येऊन एक बाजू लाल, गरम, ठणकणारी झाली तर डॉक्टर. गाठ काही दिवसांत विरघळली नाही, किंवा छान पिणाऱ्या बाळाने अचानक एक बाजू सोडली, तरी डॉक्टर. आणि पाचव्या दिवसानंतर बाळाच्या दिवसभरात सहापेक्षा कमी शू होत असतील किंवा वजन वाढत नसेल, तर दूध खरोखरच कमी पडतंय. तेव्हा डॉक्टरांच्या सल्ल्याने वरचं दूध देण्यात काही पाप नाही. मुंबईत शीवच्या रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस ह्यांनी १९८९ साली आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी सुरू केली ती अशा नाजूक बाळांसाठीच. माझा वाद डब्याशी नाही. न मोजता डबा उघडण्याशी आहे.

आणि थोडा वाद ऑफिसांशीही. २०१७ पासून बाळंतपणाची रजा २६ आठवडे झाली, मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत रोज पाजण्यासाठी दोन जादा सुट्ट्या कायद्याने मिळतात. पण मूल घरी आणि आपण दोन तास लांब असू, तर त्या सुट्टीत जायचं कुठे? कडी लागणारी, स्वच्छतागृह नसलेली एक खोली पुरे. ज्यांची एक बाजू आधीच मंद असते, त्यांचं दूध अशा न काढलेल्या दुपारींमुळे आधी आटतं.

एसटी स्टँडवरच्या अशा खोल्यांना आपण ‘हिरकणी कक्ष’ म्हणतो. हिरकणी तान्ह्या लेकरासाठी रायगडाचा कडा उतरली ती मायेपोटी, असं शाळेत शिकवलं. मायेपोटी तर खरंच. पण ज्या बाईचं एक पाजणं चुकलंय तिला विचारा, त्या संध्याकाळी हिरकणीला आणखी काय काय होत असेल. ते दुखणं कथेत कुणी घातलं नाही, कारण ते बोलायचंच नसतं.

म्हणून आज बोलले. तुम्ही पुढच्या वेळी बाळंतिणीला भेटायला जाल (पुरुषांनो, तुम्हीसुद्धा), तेव्हा “दूध पुरतं ना?” विचारू नका. फारच राहवलं नाही तर वजनाचं कार्ड मागा. नाहीतर सरळ विचारा, “तू जेवलीस का?” मला तो प्रश्न त्या सव्वा महिन्यात आईखेरीज एकाच बाईने विचारला. काटा झोळीत परत घालता घालता.