डॉक्टरांचं व्हॉट्सॲप म्हणजे दवाखाना नाही!

"डॉक्टर, बाबांच्या छातीत जळजळतंय. घरात गॅसची गोळी आहे, देऊ का?"

रात्री साडेअकराला असा मेसेज टाकून उत्तराची वाट बघत बसणारी घरं आपल्याकडे कमी नाहीत. डॉक्टर झोपलेले असतील, गाडी चालवत असतील, दुसऱ्या पेशंटजवळ असतील. ती जळजळ ॲसिडिटीची असू शकते, तशीच हार्ट अटॅकचीही असू शकते. मधुमेही आणि वयस्कर माणसांना तर छातीत फारसं न दुखताही अटॅक येतो. यातलं नेमकं काय आहे हे ईसीजी काढल्याशिवाय आणि पेशंटला तपासल्याशिवाय कुणालाही सांगता येत नाही.

म्हणून स्पष्टच लिहितो. क्लिनिकच्या वेळेबाहेर मेसेजवर औषध न सांगणाऱ्या डॉक्टरला 'माणुसकी नाही' म्हणणं चुकीचं आहे. उलट "कधीही मेसेज करा, मी आहे" असं सांगणारा डॉक्टर तुम्हाला न पाळता येणारं वचन देत असतो. त्या वचनावर विसंबून तुम्ही हॉस्पिटलला निघायला उशीर करता, हा त्यातला खरा धोका आहे.

यावर एक टोमणा हमखास ऐकायला मिळतो : "पूर्वीचे फॅमिली डॉक्टर रात्री-अपरात्रीसुद्धा घरी यायचे." अगदी खरं. पण ते *यायचे*. नाडी बघायचे, छातीला स्टेथोस्कोप लावायचे. पोटात उजवीकडे खाली दाबल्यावर दुखतं का, हात सोडल्यावर कळ जास्त येते का, हे पाहून अपेंडिक्सचा संशय घ्यायचे. अंगावरचं पुरळ बोटाने दाबल्यावर फिकं पडतं की नाही, यावरही निदान बदलतं. फोटोतलं पुरळ दाबून कसं बघणार?

"फक्त रिपोर्ट पाठवलाय, दोन मिनिटांत बघून सांगा" याचंही तेच. हिमोग्लोबिन ९ आलं, एवढंच मला दिसतं. तो रिपोर्ट गरोदर बाईचा असेल तर विचार वेगळा, पाळीत जास्त रक्तस्राव होणाऱ्या तिशीतल्या बाईचा असेल तर वेगळा. आणि पासष्टीच्या पुरुषाचा असेल तर आतड्यातून हळूहळू रक्त जात नाही ना, हे शोधावं लागतं. तिघांनाही "लोहाच्या गोळ्या घ्या" असं उत्तर दोन मिनिटांत देता येईल, पण तिसऱ्याच्या बाबतीत त्यामुळे एखादा कॅन्सर नजरेआड राहू शकतो.

फोनवर सल्ला देऊच नये, असं माझं म्हणणं नाही. २५ मार्च २०२० ला आलेल्या टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचनांनुसार फोन, व्हिडिओ आणि मेसेजवरूनही सल्ला देता येतो. पण पेशंटची ओळख पटवणं, नोंद ठेवणं ही जबाबदारी त्यातही आहे. फी घेता येते, आणि पुरेशी माहिती मिळत नसेल तर "प्रत्यक्ष या" असं सांगायचा अधिकारही डॉक्टरला आहे. म्हणजे तीसुद्धा ठरवून केलेली तपासणीच असते. लग्नाच्या पंगतीतून दिलेलं उत्तर त्यात बसत नाही.

समुपदेशकांबद्दलही हीच तक्रार येते : "सेशन संपलं की मेसेजला उत्तरच देत नाहीत." आजाराची सतत भीती वाटणाऱ्या माणसाला दर वेळी "काही नाही हो, ठीक आहात" असं सांगितलं, तर त्याला तेवढ्यापुरतं बरं वाटतं. थोड्या वेळाने शंका परत येते आणि पुन्हा विचारावंसं वाटतं. अशा वेळी लगेच उत्तर न देणं हा उपचाराचाच भाग असू शकतो, मात्र तो पेशंटला आधी समजावून सांगितलेला हवा.

आता आम्हा डॉक्टरांचंही चुकतं ते सांगतो. नंबर द्यायचा, मेसेज वाचायचा आणि गप्प बसायचं, याला मर्यादा पाळणं म्हणत नाहीत. मेसेजला उत्तर कधी मिळेल, वेळेनंतर कुठे जायचं, नवीन औषधाचा त्रास झाला तर कुणाला फोन करायचा, हे पहिल्याच भेटीत सांगणं आमचं काम आहे. कुणी सांगितलं नसेल तर तुम्ही हक्काने विचारा.

तुमच्यासाठी साधे नियम :

• अपॉइंटमेंट, क्लिनिकची वेळ, चिठ्ठीवरचं न लागलेलं अक्षर : मेसेज चालेल.

• नवीन त्रास, रिपोर्ट, औषधात बदल : अपॉइंटमेंट घ्या.

• छातीत दुखणं, दम लागणं, तोंड वाकडं होणं, एका बाजूची ताकद जाणं, बेशुद्धी, फिट : मेसेज करू नका. १०८ ला फोन करा किंवा थेट हॉस्पिटल गाठा. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.

• जीव द्यावासा वाटणं : पुढच्या सेशनची वाट बघू नका. टेलि-मानसचा १४४१६ हा मोफत नंबर चोवीस तास चालू असतो. जीवाला तातडीचा धोका असेल तर थेट हॉस्पिटल गाठा, आणि त्या माणसाला एकटं सोडू नका.

हे नंबर आणि जवळच्या चोवीस तास चालणाऱ्या हॉस्पिटलचा नंबर आजच फ्रिजवर चिकटवा. रात्री साडेअकराला माझ्या नंबरापेक्षा त्यांचाच उपयोग जास्त होईल.