दर्शनी भिंत कुणाची?

नवे घर घेतले, की पूर्वी लोक विचारीत, ‘पाण्याचे कसे? उजेड आहे ना? देव कुठे मांडलेत?’ आता पहिला प्रश्न असतो, ‘टीव्ही कुठे लावणार?’ त्याचे उत्तर घरच्यांनी द्यायचे नसते. सजावटकार येतो, हॉलमधली सर्वांत मोठी भिंत मापतो आणि निकाल देतो, ‘ही टीव्हीची!’ मग तिच्यावर लाकडी फळ्या चढतात, मागून दिवे झगमगतात, कोपऱ्याकोपऱ्यात स्पीकर उभे राहतात, आणि झाले आमचे ‘होम थिएटर’! माणसांनी उरलेल्या जागेत बसायचे. या रीतीला माझा विरोध आहे, आणि पाडव्याच्या खरेदीचे बेत शिजत असतानाच तो नोंदवलेला बरा.

मी टीव्हीची वैरीण नव्हे. मुंबई दूरदर्शन सुरू झाले ते २ ऑक्टोबर १९७२ रोजी. त्या काळी संच लाकडी पेटीत असे आणि पुष्कळ पेट्यांना सरकते दार असे. कार्यक्रम संपले, की दार ओढायचे, वर विणलेला रुमाल टाकायचा; पाहुणा निजला! १९८७ साली ‘रामायण’ मालिका सुरू झाली, तेव्हा रविवारी सकाळी शेजारीपाजारी संच असलेल्या घरी गोळा होत. खोली भरली, की संच दाराकडे वळवायचा, म्हणजे गॅलरीत उभे असलेल्यांनाही दिसे. जिकडे माणसे, तिकडे टीव्हीचे तोंड. आज टीव्ही भिंतीत पक्का आणि तोंड फिरवायचे ते माणसांनी.

आपल्यापैकी बहुतेकांचा हॉल हा नुसता हॉल नसतोच. तो आजोबांची निजायची खोली असतो, दहावीतल्या मुलीची अभ्यासिका असतो, पाहुण्यांचा मुक्काम असतो. गेल्या वर्षी सहावीच्या मुलांना मी आपापल्या घराचा नकाशा काढायला सांगितला. टीव्ही सर्वांनी अचूक जागी दाखवला. एकाच्या नकाशात आजोबांची खाट दिसेना, म्हणून विचारले, ‘अरे, आजोबा कुठे झोपतात?’ तो सहज म्हणाला, ‘हॉलमध्ये. टीव्ही बंद झाला, की.’ पोराच्या स्वरात तक्रारही नव्हती. घर असेच असते, असे त्याला वाटत होते, आणि मला काळजी वाटते ती त्याची.

तीच गत स्वयंपाकघरातल्या बाईची. हॉलमध्ये गाणे सुरू झाले, की ती हातात झारा घेऊन दारात येते, उभ्याउभ्या दोन मिनिटे पाहते आणि फोडणी करपेल म्हणून परत धावते. सजावटकाराच्या आराखड्यात सोफ्यावरच्या तिघांची सोय असते. ती त्या आराखड्यात कुठेच नसते.

बरे, एवढे करून चित्र तरी नीट दिसते का? शास्त्र साधे आहे. पडदा डोळ्यांसमोर सुमारे तीस अंशांचा कोन व्यापील एवढ्या अंतरावर असला, की पुरे. त्या हिशेबाने पंचावन्न इंची संचापासून साडेसात फुटांवर बसावे, पंचाहत्तर इंचीपासून दहा फुटांवर. दहा फूट रुंदीच्या हॉलमध्ये भिंतीला टेकवलेल्या सोफ्यावर बसणाऱ्याला जेमतेम साडेसात फूट मिळतात. तरी हप्ते बांधून पंचाहत्तर इंची घरी येतोच! पडद्याचा मध्य डोळ्यांच्या पातळीत असावा. सोफ्यावर ती पातळी जमिनीपासून साडेतीन फूट, सतरंजीवर बसणाऱ्या आजीसाठी अडीच. आपण मात्र तो देवाच्या तसबिरीसारखा उंच टांगतो आणि मान अवघडली म्हणून तेल चोळत बसतो. समोर खिडकी आली, तर काचेवर उजेड पडतो. मग भर दुपारी पडदे ओढून बसायचे.

आवाजाची कथा याहून निराळी नाही. ‘५.१’ म्हणजे पाच स्पीकर आणि घुमणाऱ्या आवाजाचा सहावा. त्यांतले दोन श्रोत्याच्या बाजूला, किंचित मागे हवेत. आपल्या सोफ्यामागे भिंत. मागे म्हणजे शेजाऱ्याकडे का? २०१२ साली ‘डॉल्बी अ‍ॅटमॉस’ आले आणि आता छतातूनही आवाज हवा झाला. त्या सहाव्या पेटीतल्या खर्जाची एकेक लहर पंचवीस-तीस फूट लांब असते. पडदे, गालिचे तिला काय अडवणार? ती भिंतीतून पलीकडे जाते आणि शेजारच्या तान्ह्या मुलाला उठवते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात रात्री दहा ते सहा आवाजाची मर्यादा पंचेचाळीस डेसिबल ठरवली आहे. पण शेजारधर्माला नियमाची वाट कशाला पाहावी लागावी?

यावर कुणी म्हणेल, ‘बाई, आज घरात ज्याच्या त्याच्या हातात मोबाइल. चौघांना एकत्र बसवतो तो हा टीव्हीच. मग त्याला मान का नको?’ हा मुद्दा खरा आहे, आणि म्हणूनच माझा आग्रह अधिक आहे. एकाच दिशेला तोंड करून ओळीने बसणे म्हणजे एकत्र बसणे नव्हे. तसे आपण एसटीतही बसतो. बैठक काटकोनात मांडा, टीव्ही बाजूच्या भिंतीवर, वळत्या दांड्यावर लावा. जाहिराती लागल्या, की समोर एकमेकांचे चेहरे दिसतील, आणि दांडा वळवला, की आजीलाही चित्र दिसेल. खरेच चित्रपटगृहाचा शौक असेल आणि वेगळी खोली परवडत असेल, तर खुशाल बांधा. तिथे कुणाची खाट अडत नाही.

बाकीच्यांनी भिंतीला भोक पाडण्यापूर्वी एक करावे. घरातल्या प्रत्येकाला रोज रात्री नऊ वाजता तो जिथे असतो, तिथे नेऊन बसवावे: आजोबांना खाटेवर, मुलीला पुस्तकापाशी, आईला ओट्यापाशी. मग टीव्ही कुठे लावायचा, ते त्यांना विचारावे. सजावटकाराला त्यानंतर बोलवावे.