पूर्ण झालेला अभ्यासक्रम

1 मे 1962 रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि ग्रामीण प्राथमिक शाळांचा कारभार त्यांच्या हाती गेला, तेव्हा शाळेचे दप्तर गावाच्या जवळ आले हे खरे. परंतु काय शिकवावे याचा अखत्यार राज्याकडेच राहिला आणि 1967 साली स्थापन झालेल्या ‘बालभारती’मुळे तो पुण्यात स्थिरावला. ही व्यवस्था मला अयोग्य वाटत नाही. गडचिरोलीच्या मुलाच्या हाती कोल्हापूरच्या मुलाइतकेच तोलामोलाचे पुस्तक पडावे, यात न्यायच आहे. मात्र ते पुस्तक आणि ते मूल यांच्यातील अंतर पुण्यात बसून मोजता येत नाही. ते काम जिल्ह्याचेच आहे, आणि नेमके तेच आपल्या जिल्हा परिषदांनी दुय्यम मानले आहे.

2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या चोविसाव्या कलमात शिक्षकांची कर्तव्ये सांगताना दोन उपखंड शेजारीशेजारी आले आहेत. संपूर्ण अभ्यासक्रम विहित मुदतीत पुरा करावा, असे एक सांगतो. प्रत्येक बालकाची अध्ययनक्षमता पारखून आवश्यक तेथे जादा अध्यापनाची जोड द्यावी, असे दुसरा. विधिकारांनी दोघांना एकाच पंक्तीला बसविले, पण आमच्या तपासणीने तेथे पंक्तिप्रपंच केला. विस्तार अधिकारी येतात, हजेरीपट पाहतात, कितवा पाठ चालू आहे ते विचारतात आणि शेरेबुकात शेरा लिहून पुढच्या शाळेची वाट धरतात. पाठ मागे पडला तर शिक्षकाला कैफियत द्यावी लागते. मूल मागे पडले तर त्याचा तक्त्यात एक आकडा होतो आणि तो तालुक्याला रवाना होतो.

पाचवीतील एखादा मुलगा 52 मधून 27 वजा करून 35 असे उत्तर लिहितो, तेव्हा ते चूक असले तरी निर्बुद्ध नसते. दोनातून सात जात नाहीत, म्हणून त्याने सातातून दोन काढले. ‘मोठ्यातून लहान वजा करावा’ हा नियम त्याने इमानेइतबारे पाळला. दशकाचा गठ्ठा सोडून दहा सुट्या काड्या कराव्या लागतात, ही समज दुसरीत बसावयास हवी होती, ती बसली नाही. पाचवीचे पुस्तक तर अपूर्णांकांपर्यंत पोहोचलेले. आता गुरुजींनी अपूर्णांक शिकवावेत की गठ्ठा सोडून दाखवावा? शेरेबुकाला विचाराल तर अपूर्णांक.

त्यातही बीड जिल्ह्यातील ऊसतोड कुटुंबांच्या मुलांची अवस्था पाहा. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या कारखान्यांच्या वाटेला लागतात. मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची आणि बरोबर जाणाऱ्यांसाठी शिक्षण हमी कार्डाची तजवीज आहे, आणि या दोन्ही योजना हेतूने चांगल्याच आहेत. परंतु कार्ड मुलाला दुसऱ्या शाळेच्या पटावर आणते. ज्या पाठापाशी त्याचा धागा तुटला, तेथे परत नेत नाही. मार्चअखेर ते मूल गावी परतते, तेव्हा अभ्यासक्रम जवळजवळ ‘पूर्ण’ झालेला असतो.

जिल्ह्याने मनावर घेतले तर काय होते, याचे उदाहरण सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटने घालून दिले होते. तेथील शिक्षकांनी मूल कसे शिकते याचा विचार करून वर्गाची मांडणीच बदलली, आणि राज्यभरातून शिक्षक ते पाहावयास गेले. पुढे 22 जून 2015 च्या शासननिर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम सुरू झाला, आणि पुष्कळ ठिकाणी कुमठ्याचा विचार न जाता रंगविलेल्या फरश्या तेवढ्या गेल्या. अनुकरणास सोपे तेच आधी उचलले जाते.

साठपर्यंत पट असलेल्या पहिली ते पाचवीच्या शाळेला दोन शिक्षक, असे कायद्याचे परिशिष्टच सांगते. म्हणजे अशा शाळेत दोन-तीन इयत्ता एकाच खोलीत बसतात आणि इयत्तेची भिंत केवळ वेळापत्रकात उरते. तेव्हा रोजचा पहिला दीड तास वाचन व गणितासाठी राखून, मुलांचे गट इयत्तेने न करता पातळीने करावेत, असा हुकूम जिल्हा परिषदेने काढावा; आणि तेवढा वेळ पाठ कितवा, हे विचारण्याची अधिकाऱ्यांना मनाई असावी. केंद्राच्या मासिक शिक्षण परिषदेत परिपत्रके वाचून दाखविण्याऐवजी मागे पडलेल्या दहा मुलांच्या वह्या उघडाव्यात.

हे आता तातडीचे झाले आहे. कायद्यातील 2019 च्या दुरुस्तीचा आधार घेऊन महाराष्ट्राने 2023-24 पासून पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा आणली. अनुत्तीर्ण मुलाला जादा मार्गदर्शन, दोन महिन्यांच्या आत फेरपरीक्षा आणि तीतही अपयश आले तर पुन्हा तोच वर्ग, असा तिचा क्रम आहे. म्हणजे चोविसाव्या कलमाने पहिलीपासून जे देणे होते, ते पाच वर्षांनी, ऐन उन्हाळ्यात, घाईघाईने चुकते करावयाचे. माझे म्हणणे इतकेच की, असे मूल मागे ठेवण्यापूर्वी शिक्षणाधिकाऱ्यांनी शाळेकडून त्याची दुसरी, तिसरी व चौथीतील जादा अध्यापनाची नोंद मागवावी. आणि ती कोरी निघाली, तर मुलाला पुढच्या वर्गात बसवून खुलासा शाळेकडून आणि स्वतःच्या कार्यालयाकडून घ्यावा.