मुलगा लाईनवर जाण्याआधी: मावळातील नव्या ट्रकचालकाचा पगार आणि घरचा हिशेब

मावळात भाताची झोडणी आटोपली की घराघरांत एक विषय निघतो. एकरभर इंद्रायणीवर वर्ष निघत नाही, तळेगाव-चाकणच्या कंपनीत ठेकेदारी सुटत नाही, मग मुलगा म्हणतो, "हेवी लायसन्स काढतो आणि लाईनवर जातो." गावातला एखादा जण महिन्याला चाळीस हजार कमावतो असे कानावर आलेले असते. निर्णय घेण्याआधी हा आकडा पिकाच्या ताळेबंदासारखा मांडून पाहणे गरजेचे आहे. भाताचा एकरी खर्च आपण काढतो, तसाच हाही काढता येतो.

आधी परवान्याचे पाहू. व्यावसायिक वाहन चालवण्यासाठी वय किमान २० वर्षे लागते आणि हलक्या वाहनाचा परवाना निदान एक वर्ष जुना असावा लागतो. पूर्वी आठवी पास असण्याची अट होती, ती २०१९ मध्ये निघाली. परवाना पाच वर्षांनी नूतनीकरणाला येतो. पण परवाना हातात आला म्हणून कोणी १४ चाकी गाडी देत नाही. जुनी रीत अशी की मुलगा दोन-तीन वर्षे क्लीनर म्हणून फिरायचा, ताडपत्री बांधायचा, घाटात उस्तादाचा गिअर बघायचा आणि मग स्टेअरिंगवर बसायचा. आता बरेच मालक क्लीनर ठेवतच नाहीत, त्यामुळे शिकण्याची ती जागा गेली. नवा मुलगा बोरघाट पहिल्यांदा उतरतो तेव्हा शेजारची सीट रिकामी असते.

चाळीस हजार म्हणजे हातात किती?

ट्रकचालकाची कमाई साधारण तीन भागांत येते: ठरलेला पगार, रोजची खुराकी आणि डिझेलच्या ॲव्हरेजवर मिळणारे बक्षीस. काही ठिकाणी पगारच नसतो, ट्रिपची ठोक रक्कम असते. लोक आकडा सांगतात तेव्हा या तिन्हींची बेरीज सांगतात, आणि तीही चांगल्या महिन्याची.

समजण्यासाठी एक हिशेब धरू. हे आकडे उदाहरणाचे आहेत, तुम्ही तुमचे घाला. पगार १५,००० रुपये, खुराकी दिवसाला ५०० रुपये, गाडीवर २४ दिवस. म्हणजे १५,००० अधिक १२,०००, एकूण २७,०००. आता खर्च. ढाब्यावर दोन वेळचे जेवण, चहा, अंघोळ मिळून दिवसाला ३५० रुपये धरले तर ८,४०० गेले. एखाद्या चलनाचे २,००० पगारातून कापले आणि येण्याजाण्यात ६०० गेले. उरले १६,०००. गाडी चालवणे, भरणे, खाली करणे, रांगेत थांबणे हे सगळे धरून दिवस १२ तासांचा मानला तर २८८ तास झाले. ताशी पडले ५५ रुपये.

कंपनीत ठेकेदाराकडे २६ दिवस, आठ तास काम करून समजा १५,००० हातात पडले, तर ते ताशी ७२ रुपये होतात. शिवाय मुलगा घरी जेवतो. म्हणजे लाईनवर पैसे जास्त दिसतात ते मुख्यतः तास जास्त असल्यामुळे.

सर्वांत जास्त पैसा जिरतो तो थांबण्यात. चाकणहून गुरुग्राम म्हणजे साधारण चौदाशे किलोमीटर. गाडी तिथे पोहोचते, पण कंपनीचे गेट दोन दिवस उघडत नाही. मालकाला हॉल्टिंग मिळाले तरी ते चालकापर्यंत येईलच असे नाही. ट्रिपवर ठरले असेल तर ते दोन दिवस फुकट. लोणावळ्याचे आपल्याला माहीतच आहे. सलग सुट्ट्या आल्या की एक्सप्रेसवेवर पर्यटकांच्या गाड्यांसाठी अवजड वाहनांना काही तास थांबवून ठेवतात. चिक्की घ्यायला आलेल्यांचा शनिवार सुखाचा जातो, ट्रकवाल्याची खेप लांबते. जुलै २०२४ पासून एक्सप्रेसवेवर कॅमेऱ्यांची स्वयंचलित यंत्रणा सुरू आहे. लेन सोडली, घाटात वेग वाढला की चलन थेट मालकाच्या मोबाईलवर जाते. शिस्तीसाठी ते योग्यच आहे, पण ते कोणी भरायचे हे कामाला लागतानाच ठरले पाहिजे. जादा वजनाचा दंड तर २०,००० रुपयांपासून सुरू होतो आणि प्रत्येक जादा टनाला २,००० वाढतात. म्हणून मुलाला सांगा, काट्याची पावती बघितल्याशिवाय गाडी हलवू नकोस.

घरातून एक हात कमी होतो तेव्हा

हा भाग पगाराच्या हिशेबात कधी येत नाही आणि आमच्या मते तोच जास्त महत्त्वाचा आहे.

मावळातले भात माणसांवर उभे आहे. वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने १९८७ मध्ये दिलेले इंद्रायणी वाण आजही इथले मुख्य पीक आहे. त्याची आवणी जुलैच्या पावसात आणि कापणी दिवाळीच्या आसपास. दोन्ही कामे थांबत नाहीत. रोप वयात आले की लावावेच लागते, आणि पिकलेले भात पावसात सापडले की आडवे होते. मुलगा नसेल तर दहा दिवसांचा मजूर लावावा लागेल. रोज ५०० रुपये धरले तर ५,००० रुपये झाले. हे निदान दिसतात तरी. न दिसणारा तोटा सावडीचा आहे. आज तुमच्या खाचरात चार घरची माणसे येतात, कारण उद्या तुमच्या घरचा एक जण त्यांच्याकडे जातो. तो एक जण चेन्नईच्या वाटेवर असेल, तर दोन हंगाम लोक समजून घेतात, तिसऱ्या हंगामाला सावडीतून तुमचे नाव गळते. मग चारसूत्रीची दोरी धरून नियंत्रित लावणी करायलाही माणसे पुरत नाहीत.

घरी राहतात ते आईवडील, आणि लग्न झालेले असेल तर सून. दुभते जनावर, लहान मूल, सासऱ्याचा दवाखाना, सोसायटीचे कर्ज, सगळे तिच्यावर येते. पैसे आले का, गाडी कुठे आहे, एवढ्यावरच फोन संपतो. कधी गाडी रात्री कामशेतवरून जाते, घर दोन किलोमीटरवर असते, पण जीपीएस थांबा दाखवतो म्हणून तो उतरत नाही. शेतकरी मुलाला मुलगी मिळत नाही म्हणून तो चालक होतो आणि चालक म्हणूनही स्थळे नाकारतात, हे तुम्ही गावात पाहिले असेलच.

झोपेचे तेवढेच गंभीर आहे. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने, पाच किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी, दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तास घालून दिले होते. लांब पल्ल्यासाठी परवानगीने दहा तास. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली, आठ तासांचा आधार तोच आहे. रस्त्यावर मात्र पोहोचण्याची वेळ व्यापारी ठरवतो. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकला वातानुकूलित केबिन सक्तीची झाली, ही चांगली गोष्ट आहे. पण नव्या चालकाच्या वाट्याला येते ती बहुधा जुनी गाडी.

अपघाताची भीती घरच्यांनाही असते. १३ जून २०२३ रोजी लोणावळ्याजवळ कुणे पुलावर टँकर उलटून पेटला आणि चार जणांचा जीव गेला. जानेवारी २०२४ मध्ये चालकांनी गाड्या उभ्या केल्या आणि पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, त्यामागे भारतीय न्याय संहितेचे कलम १०६(२) होते. मृत्यू घडवून न कळवता पळून गेल्यास दहा वर्षांपर्यंत शिक्षा असे ते कलम. १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली तेव्हा हे उपकलम स्थगित ठेवले गेले. १०६(१) मात्र लागू आहे आणि निष्काळजीपणाने मृत्यू झाल्यास त्यात पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. जुन्या कायद्यात ती दोन वर्षे होती.

जायचेच ठरले तर

पहिली दोन वर्षे जवळची लाईन धरा, असा आमचा सल्ला आहे. ६ नोव्हेंबर २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार हलक्या वाहनाच्या परवान्यावर ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाचे मालवाहू वाहन चालवता येते. म्हणजे वाशी मार्केटची भाजी, दुधाची गाडी, तळेगावच्या पॉलिहाउसमधला गुलाब मुंबईला नेणे ही कामे वेगळा परवाना न काढता होतात आणि सकाळी मुलगा घरी असतो. व्हॅलेंटाईनच्या आधी फुलांच्या गाड्यांना चांगले काम असते. मोठी गाडी शिकायची तर भोसरीच्या केंद्रीय रस्ते परिवहन संस्थेत चौकशी करा. जमिनीचा तुकडा विकून हप्त्यावर स्वतःचा ट्रक घेण्याचा विचार या दोन वर्षांत तर अजिबात करू नका.

कामाला लागताना नेमणूकपत्र मागा. नव्या संहितेत ते देणे मालकावर आहे. दहा किंवा अधिक कामगार असतील आणि पगार २१,००० च्या आत असेल तर ईएसआय, वीसपेक्षा कमी नसतील तर भविष्यनिर्वाह निधी लागू होतो. दोन-तीन गाड्यांच्या मालकाकडे यातले काही मिळत नाही. तिथे निदान पगार बँकेत जमा होईल, चलन आणि माल कमी भरल्याची कपात कोणाकडे, हॉल्टिंगला दिवसाला किती, हे व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. सुरुवातीलाच मोठी उचल घेऊ नका. उचल फिटेपर्यंत मालक बदलता येत नाही.

बँकेत वर्षाला २० रुपयांत प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना आहे, अपघाती मृत्यूला दोन लाख मिळतात. सातबारावर नाव असलेल्या घरासाठी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतही दोन लाखांची तरतूद आहे. खातेदाराबरोबर कुटुंबातल्या एका सदस्याचा त्यात समावेश होतो. अर्ज तालुका कृषी अधिकारी कार्यालयात करायचा असतो. गाडी चालवताना अपघात झाला असेल तर वैध परवाना दाखवावा लागतो, म्हणून नूतनीकरणाची तारीख घरच्या कॅलेंडरवरही लिहून ठेवा. आणि आवणी-कापणीच्या आठ-दहा दिवसांची सुट्टी मालकाशी मे महिन्यातच बोलून ठेवा, म्हणजे त्याला बदली चालक पाहायला वेळ मिळेल.