जेट बोटीत इंजिन हेच सुकाणू

चिंचवडला राहण्याचा एक परिणाम म्हणजे इथे कोणालाही कसलंही यंत्र बनवावंसं वाटतं. आकुर्डीत स्कूटर घडल्या, पिंपरीत ट्रक घडले, आणि भोसरीच्या गाळ्यात कागदावर चित्र काढून नेलंत तरी लेथवाला दोन प्रश्न विचारून कामाला लागतो. त्यामुळे आमच्या मित्रमंडळींच्या डोक्यात सध्या 'घरी जेट बोट बनवू या' हे शिरलंय, याचं मला मुळीच आश्चर्य नाही. ऍल्युमिनियमची दहा-बारा फुटी बोट, आत जुन्या जेट स्कीचं इंजिन. व्हिडिओ पाहून झालेत, आकडेमोड चालू आहे.

आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला: "किती एचपी?"

माझं स्पष्ट मत, हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा. का ते सांगतो.

जेट बोट हा प्रकार बिल हॅमिल्टन यांनी १९५० च्या दशकात न्यूझीलंडच्या उथळ, गोट्यांच्या नद्यांसाठी रुळवला. खाली पंखा नाही, सुकाणूचं पातं नाही. तळातून पाणी ओढायचं, इंपेलरने मागे जोरात फेकायचं आणि त्या फवाऱ्याची दिशा बदलून बोट वळवायची. आता गंमत बघा. फवारा थांबला की वळणंही थांबलं! समोर खडक दिसल्यावर घाबरून थ्रॉटल सोडलात तर बोट शहाण्यासारखी सरळ खडकाकडे जाते. गाडीचं इंजिन बंद पडलं तरी स्टिअरिंग जड का होईना, फिरतं. इथे इंजिन गेलं की सुकाणूही गेलं.

१८ डिसेंबर २०२४ ला मुंबई बंदरात नौदलाची स्पीडबोट एलिफंटाला निघालेल्या 'नीलकमल' फेरीवर आदळली आणि डझनाहून जास्त माणसं गेली. इंजिनाची चाचणी चालू असताना बिघाड झाला आणि नियंत्रण सुटलं, असं नौदलानेच सांगितलं. तिथे प्रशिक्षित माणसं होती. आपण शनिवार-रविवारवाले.

मग इंजिन कुठलं?

"मारुती ८०० चं बसवू, भंगारात मिळतं" हा सल्ला देणारा एक तरी भेटतोच. बसवता येतं, नाही असं नाही. पण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती बोटीच्या तळाशी साचते. गाडीच्या साध्या स्टार्टरची एक ठिणगी पुरे. बोटीसाठी बनवलेले स्टार्टर ठिणगी बाहेर पडू नये असे असतात. शिवाय जेट स्कीचं इंजिन गिअरबॉक्सशिवाय थेट पंपाला जोडलेलं असतं आणि इंपेलर त्याच्याच फेऱ्यांना जुळवलेला. म्हणून घ्यायची तर अख्खी जेट स्की घ्या: इंजिन, पंप, वायरिंग, ईसीयू, मीटर, किल्ली, सगळं एकाच मशीनमधलं. सी-डूची किल्ली तर ईसीयूला ओळख करून दिलेली असते, ती विसरलात तर इंजिन म्हणजे शोपीस. आपल्या भाषेत सांगायचं तर एका रिलीजची लायब्ररी दुसऱ्या रिलीजला जोडू नका. बिल्ड होईल, पण चालताना पडेल.

दुसरं, सुपरचार्जर नको. रोटॅक्सच्या सुरुवातीच्या सुपरचार्जरवाल्या इंजिनांत सिरॅमिकचे वॉशर होते. ते फुटले की तुकडे तेलातून इंजिनभर फिरायचे. छोट्या बोटीला एवढ्या ताकदीची गरजच नाही. सी-डू स्पार्कचं ८९९ सीसीचं तीन सिलिंडरवालं रोटॅक्स ६० किंवा ९० एचपी देतं, दहा फुटी बोटीला पुष्कळ झालं. मोठी बोट असेल तर यामाहाचं सुपरचार्जर नसलेलं १८१२ सीसी. आणि कार्ब्युरेटर उघडायची हौस असेल तर यामाहाचं जुनं ७०१ टू-स्ट्रोक. आवाज आणि धूर फार, पण आत न समजण्यासारखं काहीच नाही.

आता आपल्या पाण्याचा मुद्दा. यामाहात पंपाने ओढलेलं नदीचं पाणीच इंजिन थंड करतं. पवनेतली जलपर्णी थेरगावच्या पुलावरून ज्यांनी पाहिली असेल त्यांना पुढचं सांगायला नको. जाळीत एक गुंता अडकला की जोरही गेला आणि थंडावाही. रोटॅक्समध्ये कूलंट बंद नळ्यांत फिरतं आणि तळाच्या पट्टीतून उष्णता पाण्यात सोडतं. म्हणून आपल्याकडच्या नद्यांसाठी माझं मत रोटॅक्सला. मात्र ती पट्टी बोटीखाली, पाण्यात बसवायला विसरू नका. आणि एक्झॉस्टला बाहेरचंच पाणी लागतं, तेव्हा जाळी साफ ठेवणं काही सुटत नाही.

जुनी जेट स्की आपल्याकडे बहुधा गोवा किंवा मालवणकडून येणार, म्हणजे खाऱ्या पाण्यात भाड्याने राबलेली. रंगावर जाऊ नका. प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजा, आकडे एकमेकांच्या जवळ हवेत. तेल दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलंय, चहा पिऊन परत या. विकणाऱ्याला एकच विचारा, "गोड्या पाण्याने कसं धुता?" आधी इंजिन चालू, मग नळ. बंद करताना आधी नळ, मग इंजिन. उलटं केलं तर पाणी सिलिंडरपर्यंत जाऊ शकतं. हे ज्याला तोंडपाठ आहे त्याच्याकडून दोन पैसे जास्त देऊन घ्या.

आणि हो, इनलँड व्हेसल्स कायदा, २०२१ नुसार नदी-तलावातल्या यांत्रिक बोटीची तपासणी आणि नोंदणी लागते. कटकट आहे, मान्य. पण वेल्डिंग आपणच केलेल्या बोटीकडे आपल्याशिवाय आणखी कोणीतरी नीट बघावं, यात वाईट काय?

एवढं सगळं झालं, लाइफ जॅकेट अंगावर चढलं, मनगटाला बंद-दोरी बांधली, की मग खुशाल विचारा: "किती एचपी?"