कर्ता हरवलेली वाक्ये

गेल्या लेखांकात ऱ्हस्व-दीर्घाविषयी लिहिताना आम्ही एक विषय राखून ठेवला होता. ऱ्हस्व-दीर्घ चुकले तर वाचणारा फार तर हसतो. वाक्य चुकले तर कोणाचे तरी काम अडते. कचेरीतील टिपण, संस्थेची सूचना, सभेचा वृत्तान्त, गावाकडच्या जमिनीसाठी तहसीलदारांकडे पाठविलेला अर्ज, या सर्व लेखनाचा हेतू एकच : कोणी, काय आणि केव्हा करावयाचे ते वाचणाऱ्यास कळावे. तेवढे कळले नाही तर अक्षर कितीही वळणदार असो, लेखन वाया गेले.

आमच्या शाळेतून उत्तीर्ण झालेल्या एका मुलाच्या वडिलांना एका वसतिगृहाकडून पत्र आले : ‘कागदपत्रे तपासून दहा दिवसांत शुल्क भरावे.’ कागदपत्रे तपासली जातील, मग आपण पैसे भरावयाचे, असा अर्थ घेऊन वडील वाट पाहत राहिले. पत्र लिहिणाराच्या मनात मात्र निराळे होते. कागदपत्रे कचेरीने तपासून झाली होती. आता पैसे तेवढे यावयाचे होते. दहा दिवस उलटले आणि जागा दुसऱ्या मुलाला गेली. वडील विचारावयास गेले तेव्हा त्यांच्यापुढे त्याच पत्राची प्रत ठेवण्यात आली.

दोष कोणाचा? आमच्या मते त्या वाक्याचा. ‘तपासून’ हे रूप स्वतःच्या पायावर उभे राहत नाही. ‘जेवून निघालो’ असे आपण म्हणतो तेव्हा जेवणारा आणि निघणारा एकच असतो. ऊन-प्रत्ययान्त धातुसाधिताचा कर्ता आणि मुख्य क्रियापदाचा कर्ता बहुधा एक असावा लागतो. ‘त्याला जाऊन वर्ष झाले’ अशा काळ सांगणाऱ्या वाक्यांची गोष्ट वेगळी. वरील पत्रात तपासणारी कचेरी आणि भरणारा पालक, अशा दोघांना एकाच दाव्याला बांधले गेले. दोन वाक्ये केली असती तर प्रश्नच नव्हता : ‘आम्ही आपली कागदपत्रे तपासली आहेत. हे पत्र मिळाल्यापासून दहा दिवसांच्या आत आपण शुल्क भरावे.’ थोडे शब्द वाढले असते, पण त्या मुलाची जागा राहिली असती.

कर्ता हरवण्याची दुसरी जागा म्हणजे ‘करण्यात यावे’ हा कचेरीचा लाडका प्रयोग. त्यात व्याकरणाची चूक नाही, म्हणूनच तो अधिक फसवा. ‘पाण्याच्या टाकीची दुरुस्ती करण्यात यावी’ असा ठराव एकमताने मंजूर होतो, आणि पुढील वर्षी तोच ठराव त्याच एकमताने पुन्हा मंजूर होतो. कोणी करावी, हे वाक्यात नसल्यामुळे कोणीच केलेली नसते. ‘चिटणिसांनी ३१ मार्चपूर्वी टाकीची दुरुस्ती करून घ्यावी’ असे लिहिले की ठरावाला धनी मिळतो.

वृत्तान्त लिहिणारांनी आणखी तीन वाक्ये तपासून पाहावीत. ‘गेल्या वर्षीप्रमाणे यंदा वर्गणी वाढविली नाही.’ मग गेल्या वर्षी वाढविली होती की नव्हती? ‘सर्व सभासद उपस्थित नव्हते.’ एकही नव्हता, की काही जण नव्हते? ‘अध्यक्षांनी चिटणिसांना सांगितले की त्यांचा राजीनामा मंजूर झाला आहे.’ गेले कोण, अध्यक्ष की चिटणीस? सभेस हजर असणाराला यात काहीच संदिग्ध वाटत नाही. पण वृत्तान्त असतो तो हजर नसणारासाठी, आणि पाच वर्षांनी वाद उपस्थित होतो तेव्हासाठी.

आपणा बृहन्महाराष्ट्रीयांना याखेरीज एक खास सावधगिरी बाळगावी लागते. इंदूर-ग्वाल्हेरकडे ‘अर्जाला जमा करा’, ‘पावतीला सांभाळून ठेवा’ अशा सूचना वाचावयास मिळतात. हिंदीतील ‘को’ येथे ‘ला’ होऊन आला आहे. मराठीत निर्जीव कर्माला सहसा ‘ला’ लागत नाही. ‘अर्ज जमा करा’, ‘पावती सांभाळून ठेवा’ एवढे पुरे. ‘समितीद्वारा निर्णय घेतला गेला’ याऐवजी ‘समितीने निर्णय घेतला’ हे सरळ. ‘नियमांत संशोधन’ हे तर थेट घोटाळ्याचे. मराठीत संशोधन म्हणजे नवे शोधून काढणे, आणि येथे हवी असते ती दुरुस्ती. बेळगाव, बडोदे, हैदराबाद येथील वाचकांना आपापल्या शेजारभाषेची अशी उदाहरणे सहज आठवतील. शेजारभाषेचा शब्द घरी पाहुणा आला तर आम्हांस आनंदच आहे. वाक्याचा सांगाडा मात्र आपलाच असावा.

कारभाराच्या भाषेची काळजी आपल्याकडे नवी नाही. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने ‘राज्यव्यवहारकोश’ झाला. बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत, १९३१ साली, ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ प्रसिद्ध झाला. या कोशांनी कारभाराला शब्द दिले. पण शब्द कोशात सापडतो, तसे वाक्य सापडत नाही. ते ज्याचे त्यालाच घडवावे लागते. जुन्या पत्राचा मजकूर संगणकावरून उचलून तारीख तेवढी बदलण्याची सोय आज झाली आहे. तिच्यामुळे जुने संदिग्ध वाक्यही दरवर्षी नव्या तारखेने निघते.

यावर आम्ही विद्यार्थ्यांना एक साधा उपाय सांगतो, तोच वाचकांनाही सांगतो. पत्र पाठविण्यापूर्वी त्या विषयाची काहीच माहिती नसलेल्या घरच्या माणसास ते वाचावयास द्यावे आणि विचारावे, ‘हे पत्र तुला आले असते तर तू काय केले असतेस?’ उत्तर लागलीच आले तर पत्र टपालात टाकावे. उत्तराऐवजी प्रश्न आला, तर ज्या वाक्यावर तो अडला ते वाक्य मोडून त्याची दोन करावीत.

आपल्याकडे आलेली अशी संदिग्ध पत्रे वाचकांनी नावे खोडून आमच्याकडे अवश्य पाठवावीत. पुढील अंकी विरामचिन्हांचा विचार करू.