खेळांतील ठक आणि घरांतील धाक

चातुर्मासांतील नेमांविषयीं चाललेलें आमचें लिखाण ह्या महिन्यापुरतें बाजूस ठेवावें लागत आहे, ह्याबद्दल वाचकांनीं क्षमा करावी. कारण घरगुती आहे, आणि तें सांगण्यास आम्हांस संकोचही वाटतो. परंतु जी चूक आमच्या घरीं झाली ती आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं उद्यां होण्यासारखी आहे, तेव्हां ती झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं.

आमची धाकटी भगिनी दौंडास असते. भाचा रेल्वेंत नोकरीस आहे, त्याचा मुलगा नववींत शिकतो. गणपतीस ही सर्व मंडळी शिरुरास आमच्याकडे येतात. ह्या खेपेस मुलगा आला तो जणूं मुका होऊन. आरतीस उभा राही, पण टाळी वाजे ती भलत्याच ठिकाणीं. ताटांतला मोदक ताटांतच राही. तिसऱ्या दिवशीं रात्रीं तो आमच्या खोलीच्या दाराशीं येऊन म्हणाला, “शिरूरचे आजोबा, बाबांना सांगणार नसाल तर एक गोष्ट सांगतों.”

ती गोष्ट समजण्यासाठीं त्या खेळाची जात थोडी समजावून घेतली पाहिजे. मोबाईलवरील ह्या खेळांत पन्नास किंवा शंभर गडी एका बेटावर छत्रीनें उतरतात, चौघाचौघांचे संघ करतात, आणि जो संघ शेवटीं उरेल तो जिंकतो. मूळ कल्पनेंत आमच्या आट्यापाट्यांहून हें फारसें निराळें नाहीं. फरक एवढाच कीं, आट्यापाट्यांतला गडी कोणाचा कोण हें साऱ्या आळीला ठाऊक असे. येथें शेजारीं लढणारा सोबती दौंडचा कीं दिल्लीचा, पंधरा वर्षांचा कीं चाळिशींतला, हें कळण्यास मार्ग नसतो. आवाज तेवढा कानांत येतो. तीन आठवडे रोज संध्याकाळीं ज्याचा आवाज ऐकला, ज्यानें दोनदां आपल्याला मरतां मरतां वांचविलें, तो मित्रच वाटूं लागला तर मुलाचा दोष कितीसा? ह्या खेळांत पोशाख व शस्त्रें सजविण्यासाठीं ‘हिरे’ लागतात, आणि ते खरे पैसे देऊन खेळाच्या स्वतःच्या दुकानांतून घ्यावयाचे असतात.

आमच्या मुलाचा सोबती मराठी बोलणारा, ‘भावा’ म्हणून हांक मारणारा होता. आपल्याकडे हिरे निम्म्या दरानें मिळतात, असें त्यानें एके दिवशीं सांगितलें. मुलानें ऐंशी रुपये पाठविले; हिरे आले. तीनशें पाठविले, तेही आले. मग ‘येथें नको, व्हॉट्सॲपवर बोलूं’ असें झालें. तेथें गेल्यावर एका मोठ्या सामन्याची गोष्ट निघाली: फी दोन हजार, जिंकल्यास वीस हजार, आणि घरीं आतांच बोलूं नकोस, एकदम चकित कर. फी गेली, सामना झालाच नाहीं. ‘पैसे परत करतों, हा क्यूआर कोड लाव आणि पिन दाब,’ असें सोबत्यानें सांगितलें. तसें करतांच येण्याऐवजीं नऊ हजार सहाशें गेले. ‘व्यवहार अडकला आहे, आणखी दोन हजार सहाशें भर म्हणजे सगळे सुटतील,’ म्हणून तेही गेले. अखेरीस मोबाईलवर आलेला ओटीपी मागून घेऊन त्यानें मुलाचें खेळांतलें खातेंही बळकाविलें.

चौदा हजार दोनशें रुपये. हे आमच्या भगिनीच्या निवृत्तिवेतनांतले. दूधवाला, औषधें, विजेचें बिल ह्यांचे पैसे आजीच्या मोबाईलवरून तो मुलगाच देत असे, म्हणून पिन त्याला ठाऊक. बँकेचे संदेश इंग्रजींत. ते आजी वाचीत नसे आणि त्यानें ते पुसूनही टाकले होते. हें सर्व गणपती बसण्याच्या आदल्या दिवशीं दौंडांत घडलेलें, आणि आम्हांस कळलें तें चौथ्या दिवशीं.

ह्यापुढें जें झालें तें आमच्या लौकिकास शोभणारें नाहीं. चौतीस वर्षें आम्हीं संस्कृत शिकविलें, त्यामुळें तोंडीं पहिल्यानें आलें तें ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतलें अक्षसूक्त. तेथून आम्ही हस्तिनापुरच्या सभेंत शिरलों, शकुनीचे फांसे, धर्मराजाचा पण, सगळें झालें. पाऊण तास मुलगा मान खालीं घालून ऐकत होता. शेवटीं सौ. आंत आली आणि म्हणाली, “अहो, धर्मराजाचें मागाहून सांगा. आधीं बँकेला कळवलंत का?”

कळविलें नव्हतें. सायबर फसवणुकीसाठीं १९३० हा दूरध्वनि आहे, हें आम्हीं वर्तमानपत्रांत कितीदां तरी वाचलेलें. मिठाच्या सत्याग्रहाचें साल, विसरण्यासारखेंही नाहीं. पण ऐन वेळीं आठवला तो शकुनि. तेथें दूरध्वनि लावल्यावर बँक व खातें कोणतें, रक्कम किती, केव्हां गेली, प्रत्येक व्यवहाराचा बारा आंकडी क्रमांक काय, पैसे कोणत्या यूपीआय पत्त्यावर गेले, असें एकेक विचारण्यांत आलें. मुलानें लाजेपायीं त्या ठकाशीं झालेलें सारें संभाषण पुसलें होतें. सुदैवानें व्यवहारांच्या नोंदी ॲपांत शिल्लक होत्या. ही तक्रार पैसे ज्या बँकेंत गेले तिला कळविली जाते, आणि रक्कम त्या खात्यांत अजून असेल तर ती तेथेंच रोखतात. शेवटचे दोन हजार सहाशें असे सांपडले, आणि ते परत मिळण्याजोगे आहेत. बाकीचे एका खात्यांतून दुसऱ्यांत, दुसऱ्यांतून तिसऱ्यांत करीत निघून गेले होते. चार दिवस मुलाच्या भीतीनें गेले. पाऊण तास आमच्या विद्वत्तेनें.

अशीं मधलीं खातीं पुष्कळदां ठकाचीं नसतात. ‘तुझ्या खात्यांत पैसे येतील, ते पुढें पाठव, हजार रुपये तुझे,’ ह्या लोभानें एखादा महाविद्यालयीन विद्यार्थी आपलें खातें वापरूं देतो, आणि पोलीस प्रथम त्याच्याच दारीं येतात. ज्यांचे मुलगे पुण्यास शिकावयास आहेत त्यांनीं हें विशेष लक्षांत घ्यावें.

बँकेस स्वतंत्रपणें कळविणेंही अवश्य आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकांत ठरलें होतें कीं, पिन वगैरे दुसऱ्यास दिल्यासारख्या खातेदाराच्या हलगर्जीपणानें पैसे गेले असतील, तर कळवीपर्यंतचें नुकसान खातेदाराचें. कळविल्यानंतर जें जाईल तें बँकेचें. दुसऱ्या दिवशीं cybercrime.gov.in ह्या सरकारी पत्त्यावर लेखी तक्रार भरली. घडलें दौंडांत आणि आम्ही बसलों शिरुरांत, मग चौकीची पायरी कोणती चढावी, असा भाच्यास प्रश्न पडला. दोन्ही गांवें पुणे ग्रामीण पोलिसांच्याच कक्षेंत आहेत. आणि तसें नसतें तरी १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमान्वयें गुन्हा कोठेंही घडो, खबर कोणत्याही ठाण्यांत देतां येते.

खेळांतल्या खेळांत करावयाची तक्रार ही निराळी. तिनें पैसे परत येत नाहींत, पण तो ठक दुसऱ्या मुलाजवळ बसण्याआधीं त्याचें खातें बंद होऊं शकतें. येथें आमच्या मुलानें आम्हांस शिकविलें. खेळांतलें नांव वाटेल तेव्हां बदलतां येतें. प्रत्येक गड्याचा आंकडी क्रमांक मात्र बदलत नाहीं. म्हणून त्याचें पान उघडून, क्रमांकासह पडद्याचें छायाचित्र घ्यावें, मग तेथल्याच ‘रिपोर्ट’ ह्या खुणेनें कळवावें, आणि त्याची वाट बंद करावी ती सर्वांत शेवटीं. संतापाच्या भरांत आधीं सगळें पुसलें कीं पुरावा गेला. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांप्रमाणें अशा कंपन्यांच्या तक्रार-अधिकाऱ्यानें चोवीस तासांत पोंच देऊन ठराविक मुदतींत निकाल द्यावयाचा असतो.

‘असले खेळ सरकार बंदच कां करीत नाहीं?’ असा भाच्याचा रोकडा सवाल होता. बंद करून झालें आहे. २ सप्टेंबर २०२० रोजीं पबजी बंद झाला. २०२१ च्या जुलैंत त्याचें भारतीय रूप आलें, २०२२ च्या जुलैंत दुकानांतून निघालें, २०२३ च्या मेमध्यें परत आलें. फ्री फायर हा खेळ १४ फेब्रुवारी २०२२ रोजीं बंद झाला. पण बंदीच्या दिवसांत मुलें खेळ भलत्याच ठिकाणांहून उतरवून घेऊं लागतात, आणि आंतून चोर-वाट ठेवलेलीं नकली ॲपें पसरविणाऱ्यांचें तेंच सुगीचें पीक. २०२५ च्या ऑगस्टांत संसदेनें केलेला कायदा अधिक विचारानें केलेला दिसतो. नुसत्या करमणुकीच्या खेळास त्यानें हात लावला नाहीं. फी किंवा पण लावून पैसे जिंकण्याच्या आशेचे खेळ, त्यांच्या जाहिराती व त्यांचा पैशाचा व्यवहार तेवढा निषिद्ध ठरविला. शिक्षा आहे ती असा खेळ मांडणाऱ्यास, खेळणाऱ्यास नाहीं. मुलाला हें सांगितलें तेव्हां त्यानें प्रथम मान वर केली. आपल्याला तुरुंगांत घालतील, असें त्या ठकानें त्याला बजावून ठेवलें होतें!

फसतात तीं अजाण मुलेंच, अशीही कोणी समजूत करून घेऊं नये. २०२३ च्या जुलैंत नागपुरांतल्या एका व्यापाऱ्यानें सुमारें ५८ कोटी रुपयांस बुडाल्याची फिर्याद केली, आणि पोलिसांनीं गोंदियांत छापा घालून कोट्यवधींची रोकड व कित्येक किलो सोनें जप्त केलें. तेंही ऑनलाईन जुगाराचेंच प्रकरण, आणि पोलिसांच्या सांगण्याप्रमाणें त्यांतही आरंभीं जिंकूं देऊन पुढें लुबाडलें होतें. आमच्या मुलाचे पहिले ऐंशी रुपये आणि त्या व्यापाऱ्याचे पहिले डाव ह्यांत आम्हांस तरी मोलाचाच काय तो भेद दिसतो. पैसे घेण्यासाठीं पिन कधींच लागत नाहीं, तो देण्यासाठींच लागतो, हें एक वाक्य आमच्या भगिनीनें आपल्या मोबाईलच्या वेष्टणावर मराठींत लिहून चिकटविलें आहे.

अक्षसूक्त आम्हीं पुन्हां काढून पाहिलें. इतकीं वर्षें शिकवूनही त्यांतल्या एका जागेकडे आम्हीं नीट पाहिलें नव्हतें. हरलेल्या जुगाऱ्याविषयीं त्याचे आईबाप व भाऊ म्हणतात, ह्याला आम्ही ओळखत नाहीं, बांधून न्या. आजपर्यंत आम्ही वर्गांत हें वाक्य जुगाराच्या निंदेसाठीं वापरीत आलों. त्या रात्रीं मुलगा दाराशीं उभा होता, तो नेमकें हेंच वाक्य ऐकावयाच्या तयारीनें.

३ ऑक्टोबर २०२५ रोजीं मुंबईंत सायबर जागृतीच्या एका सरकारी समारंभांत नट अक्षयकुमार ह्यांनीं आपल्या घरचा अनुभव सांगितला. त्यांची कन्या असाच परक्यांबरोबरचा खेळ खेळत असतां समोरच्यानें आधीं वाहवा केली, मग मुलगा कीं मुलगी हें विचारलें, आणि मग छायाचित्रांची निर्लज्ज मागणी केली. मुलीनें तत्काळ खेळ बंद केला आणि उठून आईला सांगितलें. सिनेमाच्या मंडळींविषयीं आमचें मत वाचकांस ठाऊक आहे. परंतु त्या घरांत मुलीला दारापर्यंत जाण्यास चार दिवस लागले नाहींत, हें खरें.

भाच्यास आम्हीं सांगितलें तें मुलाला शेजारीं बसवूनच. भाचा रागीट आहे. त्यानें मोबाईल काढून घेण्याची भाषा केली, तेव्हां आमची भगिनी म्हणाली, “दादा, त्याला सांग, दूधवाल्याचे पैसे मग तूं ड्यूटीवरून येऊन देत जा.” मोबाईल राहिला; पिन बदलला, आणि एका दिवसांत किती रुपये जावेत ह्यास बँकेकडून मर्यादा घालून घेतली.

परवां दौंडाहून दूरध्वनि आला. मुलाला कोणी अनोळखी गड्यानें कळविलें होतें कीं, तुझें गेलेलें खातें मी सोडवून देतों, पंधराशें रुपये पाठव. एकदां फसलेल्यास हुडकून पुन्हां फसविण्याची ही दुसरी फेरी. मुलानें क्रमांकासह छायाचित्र घेऊन तें आधीं बापाला पाठविलें होतें, आणि बाप त्या वेळीं मनमाडच्या गाडीवर होता. म्हणून, त्याचें उत्तर येईपर्यंत, त्यानें शिरुरास विचारलें.